साताऱ्याच्या गच्चीवरील सौर पॅनल: पाहणी मे महिन्यातली, परीक्षा डिसेंबरची

आमचे घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी आहे. किल्ला दक्षिणेला, यवतेश्वराचा डोंगर पश्चिमेला, त्यामुळे पूर्व आणि उत्तर या दोनच दिशांना आकाश खऱ्या अर्थाने मोकळे. या घराच्या गच्चीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही ३.२४ किलोवॉट क्षमतेची सौर पॅनल बसवून घेतली. काम साताऱ्यातल्याच एका संस्थेने केले. आता दोन हिवाळे आणि एक पावसाळा पाहून झाला असल्यामुळे या कामाविषयी काही जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. संस्थेचे नाव देत नाही, कारण त्यांच्याकडून झालेली चूक त्यांनी मान्य केली आणि दुरुस्तही केली. परंतु ती चूक आपल्या भागात कोणाच्याही गच्चीवर होऊ शकते, म्हणून ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

लिहिण्याचे निमित्त पाचगणीच्या मामेभावाने दिले. गेल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. "ताई, तुमच्याकडे ठीक आहे, पण आमच्याकडे सकाळी धुके आणि हाडे गोठवणारी थंडी. आमची पॅनल हिवाळ्यात वीज करतील का?" हाच प्रश्न मला वाईच्या एका मैत्रिणीने आणि आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी आधी विचारला होता. या शंकेचे मूळ, माझ्या मते, गच्चीवरच्या सोलर बंबात आहे. पाणी तापवणारा बंब आपल्याकडे पॅनलच्या कितीतरी आधी घरोघरी आला, आणि थंडीच्या ढगाळ सकाळी त्यातून कोमट पाणीच येते हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्यावरून लोक समजतात की गारठा म्हणजे सौर यंत्रणेचा शत्रू. बंबाला उष्णता लागते. वीज करणाऱ्या पॅनलला प्रकाश लागतो आणि उष्णता उलट नडते.

पॅनलवर छापलेली क्षमता, म्हणजे आमच्या बाबतीत प्रत्येकी ५४० वॉट, ही आतील सिलिकॉनच्या घटाचे, म्हणजे सेलचे, तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. त्यापुढे तापमान जसे चढेल तशी प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के क्षमता घटते; टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनलमध्ये हे प्रमाण ०.३० टक्क्यांच्या आसपास असते. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या पॅनलमधील घट ६५ अंशांपर्यंत तापले, तर चाळीस अंशांच्या फरकामुळे सुमारे १४ टक्के वीज तिथल्या तिथे कमी होते. आमच्या इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावर, सर्वाधिक आकडा मी एप्रिलमध्ये नव्हे, तर जानेवारीच्या अखेरीस, रात्रभर गार वारा वाहून गेल्यानंतरच्या स्वच्छ दुपारी पाहिला आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या थंडीनेही पॅनलचे काही बिघडत नाही.

थंडीचा एक परिणाम मात्र निवड करताना ध्यानात ठेवावा लागतो. तापमान उतरते तसा पॅनलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढते. आमची सहा पॅनल एका माळेत जोडलेली आहेत आणि माळेचा खुला दाब, म्हणजे पुढे काहीही जोडलेले नसतानाचा, सुमारे ३०० व्होल्ट आहे. पहाटे ५ अंश तापमान धरले, तरी तो पाच टक्क्यांनी वाढून ३१५ च्या आसपास जातो, आणि आमच्या इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट आहे. म्हणजे सातारा, पाचगणी, महाबळेश्वर यांपैकी कोठेही तीन किलोवॉटच्या घरगुती यंत्रणेला याची चिंता नाही. लडाखसारख्या प्रदेशात, जिथे तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते, तिथे हीच वाढ बारा टक्क्यांच्या घरात जाते. लांब माळ जोडताना ती हिशेबात धरावीच लागते. तिथे पॅनल बरीच उभी लावतात, कारण हिवाळ्यात सूर्य फार खाली असतो आणि बर्फही घसरून पडला पाहिजे. आपल्याकडे बर्फाचा भार नाही, पण वाऱ्याचा आहे. ज्या जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथे पॅनल पेलणाऱ्या सांगाड्याच्या पायांकडे काटकसरीने पाहून चालत नाही.

आता निवडीकडे येते. आमचा महिन्याचा वापर सरासरी ३०० युनिटचा, आणि डिसेंबर-जानेवारीत गिझरमुळे तो ३६० पर्यंत जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॉटच्या पुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली, तरी अनुदान तेवढेच राहते. आमची गरज आणि अनुदानाची मर्यादा एकाच ठिकाणी येत असल्यामुळे तीन किलोवॉटचा निर्णय सोपा झाला. तीन कोटेशने घेतली: १,६८,०००, १,९८,००० आणि २,३०,००० रुपये.

सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये सांगाड्याची जाडी आणि जस्ताच्या मुलाम्याची जाडी लिहिलेलीच नव्हती. "जीआय स्ट्रक्चर" एवढे दोन शब्द होते. विचारल्यावर उत्तर आले की सगळेच हे वापरतात. मी तिथेच थांबले. मधल्या कोटेशनमध्ये गरम जस्तात बुडवून ८० मायक्रॉनचा मुलामा दिलेला सांगाडा, स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट, पॅनलकडून येणाऱ्या एकदिश (डीसी) प्रवाहासाठी चार चौरस मिलिमीटरची केबल, तीन स्वतंत्र अर्थिंग आणि इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना अतिदाब-संरक्षक असलेले डबे हे सगळे प्रत्येकी एका ओळीत स्पष्ट लिहिले होते. अनुदानासाठी पॅनल भारतात बनवलेल्या घटांचीच लागतात. तसा उल्लेख आणि पॅनलचे अनुक्रमांक नंतर देण्याचे आश्वासनही त्यात होते. महागड्या कोटेशनमध्ये वस्तू जवळजवळ त्याच होत्या, फक्त सांगाडा सात फूट उंच होता. त्याखाली बसायला जागा होते हे खरे, परंतु किल्ल्यावरून उतरणारा वारा पाहता मला ती उंची नको होती. मधली संस्था निवडली.

त्यांचा माणूस पाहणीला आला तो २०२४ च्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास. त्याने गच्ची फुटपट्टीने मोजली, मोबाइलवर दिशा पाहिली आणि जिन्याच्या खोलीच्या वायव्येला असलेला मोकळा चौकोन पॅनलसाठी ठरवला. मी सावलीविषयी विचारले. तो म्हणाला, "मॅडम, बघा ना, कुठेच सावली नाही." त्याचे म्हणणे त्या क्षणी अगदी खरे होते. मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि मेच्या त्याच आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस मी दरवर्षी मुलींना मैदानात काठी रोवून दाखवत असे. घड्याळात साडेबारा वाजतात, तेव्हा साताऱ्यात खरी माध्यान्ह होते. वर्षातील सर्वांत कमी सावलीच्या आठवड्यात, दिवसातील सर्वांत कमी सावलीच्या मिनिटाला सावलीची पाहणी झाली, आणि माझा प्रश्न त्या उत्तराने मिटला. तो मिटू द्यायला नको होता.

त्याच वेळी ज्यांना सगळे ठाऊक होते त्यांना आम्ही विचारले नाही. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मार्गशीर्ष-पौषात त्या रोज सकाळी उन्हाला बसतात, आणि ऊन सरकेल तशी आपली खुर्ची सरकवत नेतात. पुढे नोव्हेंबरात पॅनल पाहायला गच्चीवर आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, इथे तर अकरा वाजेपर्यंत मी कधीच बसत नाही. जिन्याची सावली असते." संस्थेने जे मोजले नव्हते ते त्यांनी तीस वर्षांच्या सवयीने एका वाक्यात सांगितले.

त्याआधी प्रत्यक्ष बसवण्याच्या कामाविषयी, कारण तिथे या संस्थेला पूर्ण गुण द्यावे लागतील. मे ते सप्टेंबर हा काळ आमच्याच कागदपत्रांत गेला. वीजबिल दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होते, आणि अर्जदार, बिल व बँक खाते यांवरचे नाव एकच असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्यांच्या घरी बिल अजून जुन्या नावावर आहे, त्यांनी पॅनलचा विचार मनात येताच आधी ते नाव बदलून घ्यावे. उरलेले सोपस्कार त्यानंतर भराभर होतात. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता स्वतंत्र तांत्रिक तपासणीसाठी थांबावे लागत नाही.

गच्चीच्या स्लॅबला एकही भोक पाडायचे नाही ही आमची अट होती. विटांचा कोबा आम्ही २०१९ मध्ये नवीन करून घेतला होता, आणि साताऱ्याच्या पावसात कोब्याला पडलेले एक भोक म्हणजे खालच्या खोलीत चार महिने ओल. त्यांनी भोके न पाडता जागेवरच काँक्रीटचे आठ ठोकळे ओतले, त्यांत सांगाड्याचे पाय रोवले आणि ठोकळ्यांवर दहा दिवस पाणी मारल्याशिवाय वर वजन चढवले नाही. गवंडी कामाला घाई करू न देणारा कंत्राटदार मी बऱ्याच वर्षांनी पाहिला. अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे घेतले आणि लाइटनिंग अरेस्टरची, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याची, पट्टी इतर दोन्हींपासून पूर्ण अलग ठेवली. कित्येक ठिकाणी ती एकाच खड्ड्यात आणून सोडतात. इन्व्हर्टर जिन्याखाली सावलीत बसवला. केबल नळीतून नेल्या आणि जिथे नळी वळते तिथे तोंड खाली ठेवले, म्हणजे पाणी आत शिरत नाही. एवढ्या पावसाळ्यात आतापर्यंत एकाही जोडणीत ओल आलेली नाही.

उताराच्या अंशावरून थोडी चर्चा झाली. ते नेहमी १० अंशांवर बसवतात, कारण सांगाडा बुटका राहतो आणि वारा कमी धरतो. मी १८ अंशांचा आग्रह धरला. साताऱ्यात २१ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो. त्या वेळी १० ऐवजी १८ अंश उतार दिला, तर पॅनलवर सरळ पडणारे ऊन सुमारे सात टक्क्यांनी वाढते. उलट २१ जूनला सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला जातो आणि तेव्हा १८ अंशांमुळे पाच टक्के तोटा होतो. पण जूनच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य दिसतोच किती? ढगांतून विखुरलेला प्रकाश सगळीकडून येतो, त्याला उताराचे विशेष वाटत नाही. त्यांनी माझे म्हणणे ऐकून मागच्या पायांना तिरके आधार वाढवून दिले, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

घेतलेल्या आणि दिलेल्या अशा दोन्ही विजेची मोजणी करणारे नेट मीटर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागले आणि ७८,००० रुपये त्यानंतर चौतिसाव्या दिवशी खात्यात जमा झाले. इथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

मग दिवस लहान होऊ लागले. मोबाइलवर दर पंधरा मिनिटांच्या उत्पादनाचा आलेख दिसतो. ऑक्टोबरात तो घंटेसारखा गोल होता; नोव्हेंबरच्या मध्यापासून त्याच्या डाव्या बाजूला खाच पडू लागली आणि डिसेंबरात ती इतकी खोल झाली की अकरा वाजेपर्यंत उत्पादन जेमतेम निम्मे दिसे. डिसेंबर २०२४ चे एकूण उत्पादन ३३६ युनिट निघाले. आमच्या जिन्याची खोली तीन मीटर उंच, गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात. डिसेंबरात सकाळी साडेनऊला सूर्य आग्नेयेला आणि अवघ्या तीस अंशांवर असतो, म्हणजे तीन मीटरच्या भिंतीची सावली पाच मीटरांहून अधिक लांब, वायव्येकडे पडते. पॅनल नेमकी तिथेच होती. भर माध्यान्हीसुद्धा ती सावली अडीच मीटरांच्या पुढे असते. मे महिन्यात त्याच भिंतीची सावली वीतभरही नव्हती.

सावली दोन पॅनलवर पडली, तर नुकसान दोनच पॅनलचे होते असे समजू नये. माळेतली सगळी पॅनल एकामागोमाग एक जोडलेली असतात आणि प्रवाह सगळ्यांतून एकच वाहतो. पाटात एका जागी माती ढासळली की पुढच्या सगळ्या वाफ्यांचे पाणी तुटते, तसे इथे होते. पॅनलच्या पाठीमागे बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग वगळून प्रवाहाला बाजूने वाट देतात, आणि त्यामुळे सगळी माळ बंद पडत नाही. पण सावलीची कड जशी सरकते तसे निरनिराळे भाग चालू-बंद होत राहतात आणि त्या वेळात इन्व्हर्टरला नीट ताळमेळ लागत नाही. प्रत्येक पॅनलखाली लहान स्वतंत्र इन्व्हर्टर बसवण्याची सोय आता मिळते. तिच्यात एकाचा तोटा दुसऱ्याला भोवत नाही, मात्र खर्च बराच वाढतो.

किल्ल्याची सावली वेगळी आणि या सावलीची गोष्ट वेगळी, हे मी संस्थेला सुरुवातीलाच लिहून दिले. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, पण अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावरून ऊन आमच्या गच्चीवर उतरायला पावणेनऊ होतात. सायंकाळी यवतेश्वरामागे ते सव्वापाचलाच जाते. ते कोणाच्या हातात नाही. कोरेगावला माझ्या बहिणीच्या उघड्या माळावरच्या घरी ऊन सव्वासातला येते आणि तिच्या तितक्याच क्षमतेच्या पॅनलवर हिवाळ्यात रोज दीड-दोन युनिट जास्त मिळतात, याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. परंतु जिन्याच्या खोलीची सावली टाळता येण्यासारखी होती.

पहिल्या तक्रारीला उत्तर आले, "थंडीत एवढे कमी होतेच." हे उत्तर चुकीचे होते, आणि या संपूर्ण व्यवहारात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तीच. थंडीवर ढकलले की ग्राहक गप्प बसतो, कारण त्यालाही तसेच वाटत असते. मी आठ दिवस रोज नऊ, दहा आणि अकरा वाजता गच्चीचे छायाचित्र काढले, त्याच दिवसाचा आलेख शेजारी लावला आणि ते सगळे त्यांच्या कार्यालयात नेऊन दाखवले. त्यांच्या मुख्य अभियंत्याने ते शांतपणे पाहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला स्वतः गच्चीवर आले, आणि "पाहणी आमचीच चुकली" असे स्पष्ट म्हणाले. त्यानंतर काम व्हायला मात्र पाच आठवडे लागले. एवढा वेळ लागायला नको होता. हिवाळ्याचे उरलेले ऊन त्यातच गेले.

उपाय चांगला निघाला. सावलीत येणारी दोन पॅनल उचलून जिन्याच्या खोलीच्याच छतावर, त्याच दिशेला आणि त्याच १८ अंशांवर नेली. वरच्या पॅनलमुळे खोलीची सावली हातभर लांबली. ती उरलेल्या चारांपर्यंत पोचत नाही हे त्यांनी आधी दोरी ताणून तपासले. मजुरी त्यांनी घेतली नाही. जादा केबल आणि लोखंडाचे ४,२०० रुपये मी दिले, आणि ते योग्यच होते असे मला वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच सहा पॅनलनी ३९२ युनिट दिली. आदल्या डिसेंबरपेक्षा ५६ जास्त.

दुरुस्तीनंतरच्या पूर्ण वर्षाचा, म्हणजे फेब्रुवारी २०२५ ते जानेवारी २०२६ या काळाचा हिशेब ४,११४ युनिटचा आहे. मार्चमध्ये ४४७ आणि एप्रिलमध्ये ४३८. मे महिन्यात पाऊस फार लवकर आल्यामुळे ३४८. जुलैत अवघी २०६ आणि ऑगस्टमध्ये २१४. जानेवारीत ४०४. ज्यांना हिवाळ्याची काळजी वाटते, त्यांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत: आपल्याकडे पॅनलचा मंदीचा काळ आषाढ-श्रावणाचा आहे, पौष-माघाचा नाही.

यातून बिलाचा एक मुद्दा निघतो. महावितरणकडे जास्तीची वीज जमा होत राहते आणि कमी पडेल त्या महिन्यात वळती होते, पण हा हिशेब आर्थिक वर्षाचा आहे. ३१ मार्चला शिल्लक राहिलेली युनिटे ठरावीक दराने घेऊन खाते पुन्हा कोरे सुरू होते. त्यामुळे एप्रिल-मेची साठवण पावसाळ्याला उपयोगी पडते, आणि डिसेंबरनंतर साठलेली वीज मार्चअखेर न वापरल्यास तिचे मोल घटते. आम्ही म्हणून हिवाळ्यात गिझर दुपारी लावतो, कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्याचा पंप अकरानंतर चालवतो. स्थिर आकार भरावाच लागतो. बिल शून्य येईल असे कोणी सांगितले, तर ते खरे मानू नये. आमचे उन्हाळ्याचे बिल तेवढ्या आकारापुरते येते. आणखी एक गोष्ट विक्रेते मोघम सांगतात: वीज गेली की बॅटरी नसलेली ही यंत्रणाही बंद पडते, मग भर दुपार का असेना. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते.

देखभालीत आमच्या पेठेला एक त्रास आहे, तो म्हणजे राखेचा. जानेवारीपासून किल्ल्याच्या उतारावरचे वाळलेले गवत पेटते, आणि वणव्याच्या दुसऱ्या दिवशी पॅनलवर काळी भुकटी बसलेली असते. कराड-सांगलीकडे उसाचे पाचट जाळल्यावर हीच काजळी पडते. त्यावर पहाटेचे दव पडले की तिचा चिखल होतो आणि उन्हाने तो खालच्या कडेला घट्ट बसतो. फेब्रुवारीत अशा एका थराने दोन दिवसांत रोजचे दीड युनिट गेले. आम्ही सकाळी लवकर, काच थंड असताना, नळाचे पाणी आणि मऊ फडके वापरतो. बोअरचे पाणी वाळल्यावर पांढरे डाग ठेवते आणि दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे तर टाळलेच पाहिजे. योजनेनुसार पाच वर्षे देखभाल संस्थेकडे आहे. त्यांची माणसे आतापर्यंत तीनदा येऊन गेली, बोल्ट आवळले, अर्थिंगची मापे लिहून दिली. दुसऱ्या खेपेला पारव्यांचे घरटे काढून खालच्या बाजूला जाळीही लावून गेले.

तेव्हा ही संस्था मी सुचवीन का? बांधकाम, जोडणी आणि नंतरची सेवा यांसाठी निःसंकोच सुचवीन. पाहणीसाठी एक अट घालीन: त्यांनी डिसेंबरचा सूर्य धरून सावलीचा नकाशा काढून द्यावा आणि तो करारपत्राला जोडावा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वर्षभराचा सूर्यमार्ग दाखवणारी साधने आता मोबाइलवरही मिळतात, आणि ती वापरली तर मे महिन्यातली पाहणीसुद्धा चालेल. आमच्या तक्रारीनंतर त्यांनी ते सुरू केले असल्याचे अभियंत्यांनी सांगितले, आणि गल्लीतल्या एका घरासाठी काढलेला तसा नकाशा मी पाहिलाही आहे.

मामेभावाला मी थंडीविषयी निश्चिंत राहायला सांगितले आणि धुक्याविषयी खरे ते सांगितले. महाबळेश्वरच्या मानाने पाचगणीचा पाऊस पुष्कळ कमी असला, तरी पावसाळ्याचे चार महिने तिथे आमच्यापेक्षाही कमी वीज मिळेल. हिवाळ्यातले धुके मात्र बहुधा ऊन चढले की विरते. त्याची खरी अडचण घराच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या दोन उंच सिल्व्हर ओकची आहे, आणि ती झाडे त्याला तोडायची नाहीत, हे मला फार आवडले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने आठ दिवस गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखल्या आणि प्रत्येक रेघेवर वेळ लिहिली. पहिल्या झाडाची सावली सव्वादहाला पूर्वेकडच्या अर्ध्या गच्चीवरून निघून जाते, दुसऱ्याची दोन वाजता पश्चिमेकडून आत शिरते. त्या रेघांचे छायाचित्र त्याने दोन संस्थांना पाठवले आहे आणि चारच पॅनल, प्रत्येकाखाली स्वतंत्र लहान इन्व्हर्टर, अशा यंत्रणेचे कोटेशन मागितले आहे.